अर्जापासून हक्कापर्यंत : सत्तेला पटवून देण्याची आपली परंपरा

सरकारदरबारी आपले म्हणणे मान्य करून घेणे ही एक विद्या आहे, आणि ती शाळेत क्वचितच शिकविली जाते. विद्यार्थी नागरिकशास्त्रात ग्रामपंचायतीची रचना पाठ करतो, विधानसभेचे सदस्य २८८ असतात असे लिहून गुण मिळवितो. पण जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेल्यावर ‘उद्या या’ या दोन शब्दांना काय उत्तर द्यावे, हे त्याला ठाऊक नसते. त्याच्या आईवडिलांनाही बहुधा ठाऊक नसते. मग दोनच वाटा दिसतात. एक, हात जोडून ‘साहेब, तुम्हीच मायबाप’ म्हणावयाचे. दुसरी, तावातावाने भांडून रिकाम्या हाती घरी परतावयाचे. पहिल्या वाटेने काम झालेच तर ते उपकार म्हणून होते, आणि उपकाराची परतफेड पुढे निवडणुकीत किंवा अन्य रीतीने करावी लागते. दुसऱ्या वाटेने मनाचे थोडे समाधान होते, एवढेच.

या दोन्हींहून वेगळी अशी एक रीत आपल्या पूर्वसूरींनी मोठ्या कष्टाने घडविली आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधव एकत्र येत आहेत, तेव्हा तिचा थोडा अभ्यास येथे मांडावा असे आम्हांस वाटले.

आनंदाने बदललेला प्रश्न

प्रारंभ विनयपिटकापासून करू. चुल्लवग्गात ही कथा येते. तथागत कपिलवस्तूच्या निग्रोधारामात असताना महाप्रजापती गौतमी त्यांच्याकडे गेली आणि स्त्रियांना प्रव्रज्या मिळावी अशी विनंती तिने केली. तीन वेळा केली. तिन्ही वेळा नकार आला. पुढे तथागत वैशालीस गेले. गौतमीने केस उतरविले, काषाय वस्त्रे परिधान केली आणि अनेक शाक्य स्त्रियांना बरोबर घेऊन ती पायी वैशालीस निघाली. महावनातील कूटागारशाळेच्या दाराशी ती पोचली तेव्हा तिचे पाय सुजलेले होते, अंग धुळीने माखलेले होते आणि डोळ्यांत पाणी होते. ती दाराबाहेरच उभी राहिली. भिक्खू आनंदाने तिला तेथे पाहिले, कारण विचारले, आणि तिचे म्हणणे घेऊन तो स्वतः आत गेला.

तथागतांना ‘सत्ताधारी’ म्हणणे कोणालाही रुचणार नाही. आम्हांलाही रुचत नाही. परंतु संघात कोणाला घ्यावयाचे हा निर्णय त्यांच्या अधीन होता आणि दाराबाहेरच्या स्त्रियांच्या अधीन नव्हता, एवढ्या अर्थाने ही कथा आपल्या विषयाची आहे.

आनंदानेही आधी तीच विनंती तीन वेळा केली, आणि त्यालाही तोच नकार मिळाला. येथे बहुतेक माणसे थांबतात, नाही तर चौथ्यांदा तेच मागतात. आनंदाने मागणे बाजूला ठेवले आणि एक प्रश्न विचारला : स्त्रीने गृहत्याग करून या धम्मविनयात वास केला, तर सोतापत्तिफलापासून अर्हत्पदापर्यंतची फळे तिला प्राप्त करून घेता येतात काय? येतात, असे तथागतांचे उत्तर आले. हे उत्तर आल्यावर नकाराला फारसा आधार उरला नाही. त्यानंतर आनंदाने दुसरी गोष्ट सांगितली. मातेच्या निधनानंतर गौतमीनेच तथागतांना दूध पाजून वाढविले होते, हे ऋण त्याने स्मरून दिले. अनुज्ञा मिळाली.

या दोन गोष्टींचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी क्षमतेचे तत्त्व आले, मग ऋणाची आठवण आली. केवळ ऋण सांगितले असते, तर ती एका मावशीसाठी मागितलेली सवलत ठरली असती. तिच्यामागे उभ्या असलेल्या शाक्य स्त्रियांना, आणि त्यांच्याही मागून येणाऱ्यांना, त्यातून काही मिळाले नसते.

अनुज्ञा निखळ नव्हती, हेही सांगितले पाहिजे. तिच्यासोबत आठ गरुधम्म आले. शंभर वर्षे उपसंपन्न असलेल्या भिक्खुनीनेही त्याच दिवशी उपसंपन्न झालेल्या भिक्खूला वंदन करावे, हा त्यांतला पहिला. या अटींविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि त्या मागाहून घातल्या गेल्या असाव्यात असे मानणारे पुष्कळ आहेत. ग्रंथात मात्र पुढची नोंदही आहे : काही काळाने गौतमीने आनंदामार्फतच पुन्हा मागणी केली की वंदनाचा क्रम ज्येष्ठतेनुसार असावा, स्त्रीपुरुषभेदानुसार नसावा. ती मागणी मान्य झाली नाही. पण जे मिळाले ते स्वीकारून गौतमी गप्प बसली नाही, हे त्या नोंदीतून कळते, आणि आम्हांला ते अनुज्ञेइतकेच महत्त्वाचे वाटते.

अर्जाची भाषा

आता तेथून एकदम कोकणात येऊ, कारण ज्या काळात आपल्या लोकांनी लेखी अर्ज करावयास आरंभ केला त्या काळाचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही.

१८९२-९३च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या सैन्यातील महारांची भरती इंग्रज सरकारने बंद केली. काही जाती लढवय्या आणि बाकीच्या लढाईस निरुपयोगी, हा सिद्धांत तेव्हा लष्करी वरिष्ठांच्या डोक्यात भिनला होता. या एका निर्णयाने पगार गेला, पेन्शन गेले, आणि छावणीतील शाळेत मुलांना मिळणारे शिक्षणही गेले. महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. दापोलीस राहून त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी स्थापिली, १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली, आणि १८९४ साली भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांनी अर्ज तयार केला. पुढे पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी हे काम उचलले. ते एका इंग्रजी क्लबसारख्या संस्थेत, मेसॉनिक हॉलमध्ये, बटलरची नोकरी करीत. नोकरी सांभाळून त्यांनी सभा भरविल्या, १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढले आणि १९१० साली थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे दख्खनच्या महारांच्या वतीने अर्ज रवाना केला.

त्या अर्जातील मागणी आज वाचताना मन खट्टू होते. उच्च राजकीय अधिकारांची आम्हांला आकांक्षा नाही. सरकारी नोकरीतील खालच्या पायरीच्या जागा, पोलिसाचे काम आणि सैन्यात शिपाईगिरी एवढे द्यावे, असा तिचा आशय आहे. स्वाभिमानाच्या आजच्या कसोटीवर ही भाषा उतरत नाही, असे काही तरुण मित्र म्हणतात. आम्ही तसे म्हणणार नाही. दाराशी उभे राहण्याचीही मुभा नसलेल्या समाजातील एक बटलर साम्राज्याच्या मंत्र्याला पत्र लिहितो, यातच त्या काळी मोठे धैर्य होते. शिवाय अर्जदारांची युक्ती चांगली होती. त्यांनी सरकारला सरकारच्याच नोकरीतील जुन्या सेवेचे स्मरण करून दिले. त्या सेवेची साक्ष भीमा कोरेगावच्या स्तंभावर आजही आहे. १ जानेवारी १८१८च्या लढाईत पडलेल्यांची नावे कंपनीने त्यावर कोरली, आणि त्यांत शेवटी ‘नाक’ असलेली अनेक नावे आहेत. असला पुरावा कोणी अर्जदाराने रचलेला आहे असे म्हणता येत नाही.

उणीव होती ती निराळ्या ठिकाणी. सेवेच्या आधारावर मागितलेली गोष्ट मालकाच्या गरजेवर अवलंबून राहते. झालेही तसेच. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपून गरज सरली तेव्हा, १९२१ साली, ती मोडण्यात आली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तीही दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत. त्या वेळी बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि या भरतीचा त्यांनी आग्रह धरला होता. आनंदाने जे दोन मुद्दे मांडले, त्यांतला केवळ दुसरा, ऋणाचा मुद्दा, आरंभीच्या या अर्जांत होता. पहिला अजून यावयाचा होता.

तो आला २७ जानेवारी १९१९ रोजी. मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे त्या दिवशी मुंबईत डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली. ते तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, वय सत्तावीस. भारतात टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती आणण्याचे ब्रिटिश सरकारने १९१७ सालीच जाहीर केले होते. बाबासाहेबांनी ते वचनच हाती धरले. लोकांचे राज्य आणावयाचे असेल तर लोक कोण, आणि ज्यांना शेजारीही शिवत नाहीत त्यांचे प्रतिनिधित्व शेजाऱ्याने कसे करावे, अशी त्यांच्या निवेदनाची दिशा होती. नोकरीची याचना तेथे नाही. समितीला जे तत्त्व आधीच मान्य होते, त्याचाच हिशेब तिला विचारण्यात आला. साक्षीने त्या वेळी पदरात फारसे पडले नाही, पण प्रश्न बदलला, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही.

चवदार तळ्याचे कागद

महाडचा सत्याग्रह आपल्या मुलांना पाठ आहे. २० मार्च ही तारीखही पाठ आहे. मात्र तळ्याकडे जाणारी ती मिरवणूक कोणत्या कागदांवरून चालत गेली, हे फारसे सांगितले जात नाही. येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. युक्तिवादाचे बळ ‘सार्वजनिक पैसा’ या दोन शब्दांत आहे. धर्म काय सांगतो या वादात बोले यांनी पाऊल टाकले नाही. ज्याच्या बांधणीस सर्वांचा पैसा लागला ते सर्वांचे, हे तत्त्व कोणताही नगरपिता उघडपणे नाकारू शकत नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने खातेप्रमुखांना या ठरावाची अंमलबजावणी करण्यास कळविले. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचा ठराव केला.

आणि काहीही घडले नाही. ठराव दप्तरात राहिला, तळ्यावर पूर्वीचीच माणसे पाणी भरीत राहिली. बोले यांच्या हे लक्षात आले, आणि ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी कायदेमंडळात दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिला ठराव पाळीत नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान थांबवावे. तत्त्व पटलेल्या माणसाकडून कृती करवून घ्यावयाची तर न करण्याची काही किंमत त्याला द्यावी लागली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून ती घडवून आणली. परिषदेसाठी लागणारे पाणी सवर्णांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले होते, एवढ्या एका गोष्टीवरून १९२४च्या ठरावाची काय किंमत उरली होती ते कळते. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागोमाग लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नगरपालिकेने जे दिले होते तेच त्यांनी घेतले. कायदा मोडला नाही, उलट कागदावर निपचित पडलेला ठराव त्यांनी प्रथमच अंमलात आणला. नंतर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव मागे घेतला. परंतु मागे घेणे म्हणजे आधी दिले होते हे कबूल करणेच होय.

डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला, तेव्हा सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. हजारो लोक जमले होते, मने पेटलेली होती. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जावे की न जावे यावर मोठी चर्चा झाली. आणि अखेर बाबासाहेबांनी लोकांना हुकूम न मोडण्याचे पटवून दिले. आमच्या मते महाडच्या साऱ्या घटनाक्रमातील हा सर्वांत कठीण क्षण होय. सत्तेला पटविणे अवघड, पण अन्याय सोसलेल्या आपल्याच माणसांना ‘आज थांबा’ म्हणून पटविणे त्याहून अवघड. तसे केल्यामुळेच आपली बाजू न्यायालयात निष्कलंक राहिली.

दावा चालत राहिला. मनाई हुकूम १९२८ साली उठला, १९३१ साली महाडच्या न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला, १९३३ साली ठाण्यात अपील फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला. त्या निकालाचे कारण वाचण्याजोगे आहे. अस्पृश्यता अन्यायकारक म्हणून तळे खुले, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. तळ्याचा वापर केवळ आपल्यापुरता राखण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली, असे वादींचे म्हणणे होते, आणि ते त्यांना सिद्ध करता आले नाही. एवढाच त्याचा आधार. काही वाचकांना हा विजय कोरडा वाटेल. आम्हांला त्यात एक मोठा धडा दिसतो : ‘पूर्वापार असेच चालत आले आहे’ हे वाक्य कचेरीत, गावकीत, घरात सर्वत्र ऐकू येते, आणि ते सिद्ध करून दाखवा म्हटले की बोलणाऱ्याची पंचाईत होते. कुणी तरी तसे म्हणावे लागते, आणि त्यासाठी दहा वर्षे न्यायालयात टिकून राहावे लागते.

आजची कचेरी

आपल्या पालकांपुढचे प्रश्न तळ्याएवढे मोठे दिसत नाहीत. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर आलेले नसतात, जातवैधता प्रमाणपत्र अडकलेले असते, वस्तीत येणारी नळाची वाहिनी मध्येच थांबलेली असते. पण अडवणूक करणाऱ्याची वृत्ती तीच असते, आणि उपायाची रीतही फारशी वेगळी नाही.

तोंडी सांगितलेले काम कचेरीत अस्तित्वातच नसते. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारीख, शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ही पोच म्हणजे आपला १९२४चा ठराव होय. पुढचे सारे तिच्यावर उभे राहते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याखाली अधिसूचित झालेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी ठरलेला आहे आणि त्याच्या वर अपील आहे. म्हणून ‘माझे काम कधी होईल’ असे अजिजीने विचारण्यापेक्षा ‘या सेवेची मुदत किती दिवसांची आहे’ असे शांतपणे विचारावे. दोन प्रश्नांतला फरक आनंदाच्या कथेत आला आहे. उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे : दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्कही माफ. विचारावे ते ‘का झाले नाही’ असे नव्हे, कारण ‘का’ला सहसा उत्तर मिळत नाही, ‘माझा अर्ज कोणत्या तारखेस कोणाच्या टेबलावर होता, त्याची नोंद द्या’ असे विचारावे. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तेथेही रिकाम्या हाताने जाण्यात अर्थ नाही. आधीच्या अर्जाची पोच बरोबर असावी.

एकट्याने जाऊ नये, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. गौतमी एकटी गेली नव्हती. एकाच वस्तीतील वीस पालकांची शिष्यवृत्ती अडकलेली असेल, तर वीस जणांनी वीस दिवशी जाण्यापेक्षा वीसही अर्ज एका यादीसह एकाच दिवशी द्यावेत. कारकुनाला एक माणूस परत पाठविता येतो; यादी परत पाठविणे त्याला जड जाते.

आता एक नाजूक बाब. वर ज्या हकीकती सांगितल्या, त्यांत दाराच्या आत कोणी तरी होते. कूटागारशाळेत आनंद होता. कायदेमंडळात बोले होते. महाडमध्ये नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस होते आणि तळ्यावर जाण्याची सूचना परिषदेत मांडणारे अनंतराव चित्रे होते. हे तिघेही अस्पृश्य समाजातले नव्हते. आज आपल्या शाळेसारख्या संस्थांतून शिकलेली मुले तलाठी आहेत, ग्रामसेवक आहेत, पोलीस खात्यात आहेत, मंत्रालयात आहेत. खिडकीच्या आतल्या बाजूला आता आपलीही माणसे बसतात. आपल्या नातलगाचे काम रांग मोडून करून देणे म्हणजे समाजकार्य, असा एक समज त्यांच्यापैकी काहींत दिसतो. तो गौतमीला केवळ मावशी म्हणून आत घेण्यासारखा आहे. बाहेर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला त्याच्या हक्काची मुदत सांगणे, अर्जातील चूक दाखवून तो दुरुस्त करून घेणे, वरिष्ठांपुढे त्याची बाजू नियम दाखवून मांडणे, हे काम वेगळे. त्याची वाहवा होत नाही, आणि कधी कधी त्याची किंमतही द्यावी लागते.

आनंदाला ती द्यावी लागली. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली संगीती भरली. धम्म मुखोद्गत असलेला आनंद तेथे हवाच होता. पण त्याच सभेत स्थविरांनी त्याच्यावर काही दोष ठेवले, आणि स्त्रियांच्या प्रव्रज्येसाठी त्याने खटपट केली हा त्यांतला एक दोष होता. आनंदाने शांतपणे उत्तर दिले. गौतमीने तथागतांना वाढविले म्हणून आपण ते केले, त्यात आपल्याला दोष दिसत नाही, तरीही आपणा सर्वांवरील श्रद्धेपोटी तो दोष म्हणून मान्य करतो, असे त्या उत्तराचे तात्पर्य आहे. त्याने संघ सोडला नाही आणि आपले मतही सोडले नाही.

भिक्खुनी संघ पुढे शतकानुशतके चालला. आपल्याच महाराष्ट्रात, कुडा आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत, प्रव्रजित स्त्रियांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. कुठे लेणे, आणि त्याच्या शेजारी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाण्याचे टाके.